पानी लाल झाला का

पाषाणला, प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर,
काचसामान धुण्याची नोकरी माझी.
आधी नळाचं पाणी, खडकवासल्याचं,
मग साबण, मग डिस्टिल्ड वॉटर दोनदा,
मग ओव्हन. बाटल्या तापतात तेवढ्यात
मी डबा खाऊन घेते.

कोपऱ्यात शेकरवर रात्रंदिवस हलतो एक फ्लास्क,
चिकटपट्टीवर दाबके मॅडमचं अक्षर: उरण सात.
आत पातळ केलेल्या आगळाचा रंग.
ते पाणी मीच आणलं होतं
पोशीराम म्हात्रेच्या, माझ्या बापाच्या, शेवटच्या कोंडीतून,
बिसलेरीच्या बाटलीत, एसटीत मांडीवर धरून.
बाबा म्हणायचा, पानी लाल झाला का मीठ पिकला.
कशानं लाल, ते त्याला कुणी विचारलं नाही,
त्यानंही पाण्याला विचारलं नाही.

मॅडमनी सांगितलं एका दुपारी,
चहाचा कप बीकरशेजारी ठेवून
(ठेवू नये, अशी पाटी त्यांनीच लावलीय):
"कैरीच्या फोडींना मीठ लावलं की काय होतं?"
पाणी सुटतं.
"जीवाणूचंही तेच व्हायला हवं. आक्रसून मरायला हवा.
मग हा का नाही मुरत?"

यांच्यात दोन तऱ्हा, म्हणाल्या.
पांढऱ्या ठिपक्यांचे, ते मिठाला उंबऱ्यावरूनच परतवतात,
आणि आत रांधत बसतात एक्टोईन नावाचं काहीतरी,
जे कुणाच्या कामात लुडबुडत नाही,
नुसतं जागा धरून असतं,
आणि पाण्याला म्हणतं, कुठं निघालास, दाटी इथंही आहे.
लाल ते वेगळे. ते मिठालाच घरात घेतात,
पोटॅशियमचं मीठ, कोठारं भरून.
त्यांच्या प्रथिनांना त्याची इतकी सवय
की मीठ काढून घेतलं तर त्यांची घडीच मोडते.

मार्चमध्ये माझ्या हातून चूक झाली.
लाल नळीत खाऱ्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर ओतलं.
गढूळ होतं ते बघता बघता नितळ झालं,
इतकं नितळ, की आधी मला ते चांगलंच वाटलं.
मॅडम ओरडल्या नाहीत. "फुटले," म्हणाल्या,
"गोड्या पाण्यानं."
पांढरे असते तर वाचले असते.
त्यांच्या कातडीत दारं असतात, ताण आला की उघडणारी.
रांधलेलं सगळं पापणी लवायच्या आत बाहेर.
जीव राहतो.

बाबा पुण्यात आठ दिवस राहिला, सुतारवाडीच्या खोलीत.
चहा पांचट, मासळी शिळी,
झोप नाही. हवा पोकल लागते, म्हणाला.
नवव्या दिवशी पहाटे पिशवी घेऊन दारात उभा.
तोवर आगरावर भराव पडला होता,
कंटेनर चढले होते एकावर एक चार.
तरी तिथंच गेला. तिथंच, भरावाच्या कडेला,
पुढल्या भाद्रपदात.

आणि मी?
पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये म्हटलं होतं, मना पोली नको.
दोघी हसल्या. वाईट नव्हत्या,
एकीनं नंतर लोणचंही दिलं.
संध्याकाळपर्यंत माझ्या तोंडात मला होतं,
पोळी होती, ळ नीट टाळूला लागत होता.
दार कधी उघडलं, मला ऐकूसुद्धा आलं नाही.

दर पंधरा दिवसांनी त्यांना नवं खारं पाणी द्यायचं.
आता ते काम माझ्याकडे आहे.
लिटरला अडीचशे ग्रॅम, अंदाजानं नाही, वजन करून.
बाबा बोट बुडवून चाखायचा,
काट्यापेक्षा फार चुकत नसणार.

पाचनंतर मजला रिकामा होतो.
मी फ्लास्कपाशी वाकते, हळूच विचारते,
बरं हाय ना?
बरं नाही. बरा. बरा हाय ना.
शेकर हलत राहतो.
कालच्यापेक्षा गडद दिसतंय आज,
की वरची ट्यूब गेलीय, कोण जाणे.